पोर्ट कोणाच्या ताब्यात? : कमांड लाइनवरून स्विच सांभाळण्याचा आढावा

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आणि त्याची चर्चा पार अमेरिकेपर्यंत गेली. शेतातला सेन्सर, उपग्रहाचे चित्र, मोबाइलवर येणारा सल्ला हे सगळे आता लोकांच्या तोंडी आहे. स्विचचे नाव मात्र कोणी घेत नाही. प्रयोगशाळा असो, महाविद्यालय असो, दूध प्रकल्प असो की साखर कारखाना, प्रत्येक इमारतीतली माहिती जिन्याखालच्या नाहीतर स्टोअररूममधल्या एका रॅकमधून जाते आणि त्या रॅकमध्ये चोवीस पोर्टचा एक स्विच लुकलुकत असतो. त्याची आठवण होते ती ‘साहेब, नेट गेलंय’ असा फोन आल्यावर.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके अशा स्विचनी भरलेले आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर इथले साखर कारखाने, बारामतीची आणि लोणी देवकरची एमआयडीसी, विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालये, बँका, पतसंस्था, दवाखाने. स्विच सगळीकडे आहे, तो सांभाळणारा माणूस जागेवर असेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी काम एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, दिलेले असते आणि एकच तंत्रज्ञ दोन्ही तालुक्यांत मोटारसायकलवर फिरतो. वेबपेज आणि मोबाइल ॲप हाताशी असताना काळ्या पडद्यावर अक्षरे टंकून पोर्ट चालू-बंद करण्यात आज काय हशील आहे, हा प्रश्न म्हणूनच महानगरातल्या डेटा सेंटरइतकाच तालुक्याच्या गावालाही लागू पडतो.

हबपासून स्विचपर्यंत

पूर्वी हब असत. एका भोकातून आलेला संदेश ते बाकीच्या सगळ्या भोकांतून बाहेर टाकत. त्यात सांभाळण्यासारखे काही नव्हते. १९९० मध्ये कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. कोणत्या पोर्टमागे कोणते यंत्र आहे हे तो लक्षात ठेवी आणि संदेश नेमका तिथेच पाठवी. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. पुढे १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे मानक आले आणि एकाच स्विचचे अनेक आभासी तुकडे, म्हणजे व्हीलॅन, करता येऊ लागले. तेव्हापासून पोर्ट हे नुसते भोक राहिले नाही. तो चालू की बंद, वेग किती, कोणत्या व्हीलॅनमध्ये, त्यातून वीज द्यायची की नाही, किती यंत्रांना आत येऊ द्यायचे, असे अनेक निर्णय प्रत्येक पोर्टमागे घ्यावे लागतात.

बाजारात तीन जातींचे स्विच मिळतात. अनमॅनेज्ड स्विच टेबलावरच्या पाच-आठ पोर्टच्या डबीसारखा असतो. केबल लावली की चालतो, त्याला काही विचारता येत नाही आणि सांगताही येत नाही. ‘स्मार्ट’ म्हणून विकला जाणारा स्विच बहुधा वेबपेजवरूनच बोलतो. तिसरा मॅनेज्ड, ज्याला वेबपेजही असते आणि कमांड लाइनही. सिस्को, एचपीई अरुबा, ज्युनिपर, मायक्रोटिक ही परदेशी नावे सर्वांना ठाऊक आहेत. गोव्यातल्या वेर्ण्याच्या स्मार्टलिंकचा डिजिसोल हा आपल्याकडचा ब्रँडही या बाजारात आहे. खरेदीच्या वेळी दोन-चार हजार वाचवायला अनमॅनेज्ड डबी घेतली, तर पुढचा सारा लेख तिला लागू होत नाही. पहिला निर्णय तिथेच होऊन जातो.

वेबपेज, ॲप आणि काळा पडदा

वेबपेजवर स्विचचे चित्र दिसते, पोर्टवर टिचकी मारली की खिडकी उघडते. नवख्याला ते सोपे जाते आणि दोन-तीन स्विच असतील तर पुरतेही. अडचण अशी की जुन्या स्विचची पेजेस नव्या ब्राउझरमध्ये नीट उघडत नाहीत, आणि चाळीस पोर्ट बदलायचे तर चाळीस वेळा टिचक्या माराव्या लागतात.

क्लाउडवरून चालणारे स्विच दिसायला सर्वांत देखणे. पुण्यात बसून इंदापूरचा पोर्ट मोबाइलवर दिसतो. पण त्याला वर्षाचे भाडे लागते, परवाना संपला की काही कंपन्यांच्या उपकरणांचे कामच थांबते, आणि जो इंटरनेट दुरुस्त करायचा आहे त्याच इंटरनेटवरून त्या ॲपपर्यंत पोचावे लागते.

कमांड लाइनला यांतले काही लागत नाही. जागेवर असाल तर कन्सोल केबल लावायची, लॅपटॉपवर पुटी उघडायचे, बहुतेक जुन्या स्विचना ९६०० चा वेग द्यायचा, की स्विच बोलू लागतो. लांब असाल तर एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून केलेले सुरक्षित लॉगिन. बारामती ते इंदापूर अंतर सुमारे ५० किलोमीटर. मोबाइलच्या एका दांडीवर वेबपेज फिरत बसते, पण चार ओळींची कमांड जाते आणि उत्तरही येते. नुसता मजकूर पाठवायला फार जागा लागत नाही.

कंपनीगणिक बोली

कमांड लाइनची खरी कटकट म्हणजे प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. पुढच्या आज्ञा तोंडी सांगतात तशाच लिहिल्या आहेत. सिस्कोमध्ये ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हणून आत शिरायचे, ‘इंटरफेस गिगाबिटइथरनेट झिरो स्लॅश फाइव्ह’ म्हणून पोर्ट गाठायचा आणि मग ‘शटडाउन’ किंवा ‘नो शटडाउन’. चालू करायला ‘नो शटडाउन’ म्हणायचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. अरुबाच्या जुन्या प्रोकर्व्ह वळणाच्या स्विचवर ‘डिसेबल’ आणि ‘एनेबल’ हे सरळ शब्द आहेत. तिथे व्हीलॅनमध्ये शिरून त्यात कोणते पोर्ट ‘अनटॅग्ड’ ते सांगायचे असते. सिस्कोमध्ये उलट, पोर्टमध्ये शिरून त्याचा व्हीलॅन सांगतात. ज्युनिपरमध्ये ‘सेट’ने बदल नुसते मांडून ठेवायचे, ‘कमिट’ म्हटल्याशिवाय काहीच लागू होत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या स्विचवर पोर्ट संगणकाच्या नेटवर्क कार्डासारखाच दिसतो आणि ‘आयपी लिंक सेट’ने वर-खाली होतो.

बोली कितीही असल्या तरी विचारायचे प्रश्न तेच असतात. पोर्ट चालू आहे का, किती वेगाने, कोणत्या व्हीलॅनमध्ये, त्याच्यामागे कोण आहे आणि किती चुका मोजल्या गेल्या. हे प्रश्न पक्के झाले की बोली आठवड्याभरात येते.

एक ओळ वाचून पाहू

‘शो इंटरफेसेस स्टेटस’ ही सिस्कोवरची सर्वांत कामाची आज्ञा. प्रत्येक पोर्टची एक ओळ येते: क्रमांक, नाव, अवस्था, व्हीलॅन, डुप्लेक्स (दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी की आळीपाळीने), वेग, प्रकार. ‘नॉटकनेक्ट’ म्हणजे पलीकडे काही नाही किंवा केबल तुटली. ‘डिसेबल्ड’ म्हणजे कोणीतरी हाताने बंद केला. ‘एरर-डिसेबल्ड’ म्हणजे स्विचने स्वतःहून बंद केला. या तीन ‘बंद’मधला फरक पोर्टवरच्या दिव्यावरून नेहमी नीट कळत नाही.

वेगाच्या रकान्यात गिगाबिट पोर्टसमोर ‘ए-१००’ दिसले तर थांबायचे. ‘ए’ म्हणजे दोन्ही टोकांनी आपसांत ठरवलेला वेग. पलीकडचे यंत्रही गिगाबिटचे असेल तर १०० वर तडजोड का झाली? १०० मेगाबिटला केबलमधल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी क्रिम्पिंगमध्ये सुटली किंवा उंदराने कुरतडली की दोन्ही टोके मुकाट १०० वर उतरतात. नेट चालू असते, फक्त ‘स्लो’ असते. जागेवर न जाता हे ओळखता येते. अनेक स्विचमध्ये त्यापुढे जाऊन केबल तपासायची टीडीआर नावाची सोय असते. ती कोणती जोडी साधारण किती मीटरवर तुटली ते सांगते. मग छतावर चढणाऱ्या माणसाला अख्खी केबल उपसावी लागत नाही.

कोणते यंत्र कुठे लावले आहे हे शोधायला ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल’ आहे. शेजारच्या स्विचची ओळख पटवायला एलएलडीपी आहे. २००५ चे हे मानक बहुतेक सगळ्या कंपन्या पाळतात.

अंतर, वीज आणि हंगाम

साखर कारखान्याचे आवार मोठे असते. उसाचा वजनकाटा फाटकाजवळ, संगणक विभाग कार्यालयात, प्रयोगशाळा आणि बॉयलर तिसरीकडे. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. ती ओलांडून ओढलेली केबल लावली त्या दिवशी चालते आणि ऐन हंगामात दगा देते. काट्याचा संगणक तुटला की पावती निघत नाही आणि ट्रॅक्टर व बैलगाड्यांची रांग रस्त्यावर येते. अशा ठिकाणी फायबर हाच इलाज. फायबरच्या पोर्टवर ‘शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर’ विचारले तर किती प्रकाश पोचतो तो आकडा मिळतो. समजा हंगामाच्या सुरुवातीला तो उणे सात होता आणि जानेवारीत उणे सतरा झाला, तर जोडावर धूळ नाहीतर चिपाडाचा भुसा बसला आहे किंवा फायबर कुठेतरी वाकली आहे. लिंक पडण्याआधीच हे कळते. गाळप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पोर्टचे आकडे लिहून ठेवले असतील तरच मात्र फरक दिसतो.

दुसरा प्रश्न विजेचा. वळवाच्या पावसात दोन इमारतींमधून ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून झटका येतो आणि ओळीने चार-चार पोर्ट जळतात. त्यावर कमांड चालत नाही. इमारतींमध्ये फायबर आणि नीट अर्थिंग एवढाच उपाय आहे. पण कोणते पोर्ट मेले हे दहा सेकंदांत कमांडनेच कळते, आणि मेलेले पोर्ट बंद करून त्यांच्या वर्णनात ‘जळालेला’ लिहून ठेवले तर पुढचा माणूस तिथे केबल घालून तासभर घालवत नाही.

तिसरा प्रश्न कॅमेऱ्यांचा. सीसीटीव्हीला केबलमधूनच वीज देतात. २००३ च्या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देई, २००९ मध्ये ३० वॅट आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत मजल गेली. ३७० वॅटचा स्विच म्हणजे १५.४ च्या हिशेबाने चोवीस पोर्ट, ३० च्या हिशेबाने जेमतेम बारा. तेरावा फिरता कॅमेरा लावल्यावर दुसराच कॅमेरा का पडतो, याचे उत्तर ‘शो पॉवर इनलाइन’मध्ये असते. अडकलेला कॅमेरा उठवायला शिडी नको. त्या पोर्टची वीज ‘पॉवर इनलाइन नेव्हर’ने काढायची, ‘पॉवर इनलाइन ऑटो’ने परत द्यायची.

नेहमी होणाऱ्या चुका

कमांड लाइन विचारत नाही, करून टाकते. लांबून काम करताना ज्या पोर्टमधून आपण आत आलो तोच ‘शटडाउन’ केला की गाडी काढून ५० किलोमीटर जावे लागते. बचाव सोपे आहेत. सिस्कोवर आधी ‘रिलोड इन टेन’ द्यावे. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः उठून जुन्या स्थितीत येतो. काम नीट झाले तर ते रद्द करायला विसरू नये. ज्युनिपरचे ‘कमिट कन्फर्म्ड’ दहा मिनिटांत दुजोरा आला नाही तर बदल मागे घेते. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड आहे.

दुसरी प्रसिद्ध चूक ट्रंक पोर्टवरची, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या पोर्टवरची. नवा व्हीलॅन वाढवताना ‘अलाउड व्हीलॅन’नंतर ‘ॲड’ हा शब्द राहिला, तर नवा व्हीलॅन वाढत नाही. आधीचे सगळे पुसून तो एकटाच उरतो आणि अख्खी इमारत बंद पडते.

तिसरी चूक आपल्या भागात जास्त महागात पडते. सिस्कोवर केलेला बदल चालू स्मृतीत असतो. ‘राइट मेमरी’ किंवा ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ म्हटल्याशिवाय तो टिकत नाही. दिवाळीत केलेला बदल तसाच राहतो, यूपीएसची बॅटरी थकलेली असते, मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जाते आणि स्विच उठतो तो दिवाळीआधीच्या स्थितीत. काय बदलले होते हे तोवर कोणालाच आठवत नाही.

चौथी चूक लूपची. प्रयोगशाळेत कोणीतरी मोकळ्या केबलची दोन्ही टोके भिंतीतल्या दोन जॅकमध्ये खोचतो आणि संदेश गोल फिरून सगळे नेटवर्क गोठते. यावरचा स्पॅनिंग ट्री हा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत शोधला. त्याच्या जोडीला वापरकर्त्याच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावला तर स्विच असा पोर्ट लगेच बंद करतो. पुष्कळ तंत्रज्ञ मग कारण न बघता ‘शट, नो शट’ करून मोकळे होतात. त्याआधी एरर-डिसेबल्डची यादी मागितली तर कारण समोरच छापलेले असते.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचे कणा-नेटवर्कच तुटले आणि ती कमांड अडवायला हवी होती ती तपासणी यंत्रणाही चुकली, असे कंपनीने जाहीर केले.

कुलूप कोणते लावायचे

सुरक्षेचा पहिला नियम फुकटचा आहे. न वापरलेला पोर्ट बंद ठेवावा. व्हरांड्यातल्या जॅकमध्ये कोणीही लॅपटॉप लावून लेखा विभागाच्या व्हीलॅनमध्ये शिरू नये, एवढे त्याने साधते. पोर्ट सिक्युरिटीने एका पोर्टमागे किती यंत्रे चालतील हे बांधता येते. यंत्राची ओळख सांगणारा मॅक पत्ता नकली करता येत असल्याने ते पक्के कुलूप नव्हे, पण परस्पर वाय-फाय डबी लावणाऱ्याला रोखायला पुरते. खरे कुलूप ८०२.१एक्स. त्यात माणसाची ओळख पटल्यावरच पोर्ट उघडतो. त्याला सर्व्हर आणि तो चालवणारा माणूस लागतो, म्हणून महाविद्यालयाला ते झेपते, पतसंस्थेला जड जाते.

स्विचच्या स्वतःच्या दाराचेही तसेच. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो. त्यामुळे ते बंद करून एसएसएचच ठेवावे आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. एप्रिल २०१८ मध्ये सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीतून हल्लेखोरांनी इराण आणि रशियातल्या अनेक स्विचचे कॉन्फिगरेशन पुसले. ‘नो व्हीस्टॅक’ ही एक ओळ आधी दिली असती तर तो दरवाजा उघडा राहिला नसता. ज्यांच्याकडे कॉन्फिगरेशनची प्रत होती त्यांना सगळे नव्याने आठवत बसावे लागले नाही. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना १८० दिवसांचे लॉग जपणे, घड्याळे जुळवणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले. स्विचवर त्यासाठी लॉग सर्व्हर आणि वेळेचा सर्व्हर नेमणाऱ्या दोनच ओळी लागतात.

स्क्रिप्ट लागते का?

माणसाने टंकायचेच कशाला, असे म्हणणारा पक्ष आहे. नेटवर्कची उपकरणे प्रोग्रामने सांभाळण्यासाठी २००६ मध्ये नेटकॉन्फ आले, २०१० मध्ये यांग, २०१२ मध्ये ॲन्सिबल. पायथॉनमधल्या नेटमिकोने शंभर स्विचवर एकच आज्ञा मिनिटात फिरवता येते. त्याचबरोबर एकच चूकही शंभर ठिकाणी मिनिटात फिरते. दहा-पंधरा स्विच असलेल्या कारखान्याने किंवा महाविद्यालयाने आधी बदल करण्याची स्क्रिप्ट लिहू नये. दर रात्री प्रत्येक स्विचचे कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवून आदल्या दिवशीच्या फाइलशी ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. ती काही बिघडवू शकत नाही आणि कोणी काय बदलले ते सकाळी सांगते.

कमांड लाइनचे खरे मोल इथे दिसते. वेग आणि दूरचा संपर्क हे तिचे फायदे आहेतच, पण तिचे काम लेखी असते हे सर्वांत महत्त्वाचे. टिचकीचा माग सहसा राहत नाही, ओळ मात्र राहते. ती फाइलमध्ये ठेवता येते, दुसऱ्याला फोनवर वाचून दाखवता येते, चुकली तर कोणती चुकली ते दाखवता येते. याच तालुक्यांतल्या नीरा डाव्या कालव्यावर १८८५ पासून पाणी फिरते आहे. कोणती चारी कधी उघडली आणि कधी बंद झाली याची नोंद असते, म्हणूनच पाळीवरून वाद झाला तर बोलायला आधार मिळतो. स्विचच्या बाबतीत ही नोंद बहुधा वेंडरच्या डोक्यात असते. वेंडर बदलला की पासवर्डही गेला, नकाशाही गेला आणि पोर्ट कोणाचे हेही गेले.

शिक्षणाची बाजू त्या मानाने बरी आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून आहे, तिचे पॅकेट ट्रेसर फुकट मिळते आणि खरा स्विच हातात नसलेल्या मुलालाही त्यावर व्हीलॅन बांधता येतो. आयटीआयमध्ये हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. कमी पडते ते बिघाड वाचण्याचे शिक्षण. परीक्षेत पोर्ट चालू करायला सांगतात. चालू असलेला पोर्ट १०० वर का उतरला, हे सहसा कोणी विचारत नाही. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकात मुद्दाम तुटकी केबल, चुकीचा डुप्लेक्स आणि लूप ठेवावा. त्यातून निघालेली मुले कारखान्याच्या संगणक विभागात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतील.

निष्कर्ष एवढाच. दोन-तीन स्विच असतील तर वेबपेज पुरे. त्यापुढे संस्था गेली की कमांड लाइन शिकलेला एक माणूस घरचा हवा, वेंडर कितीही चांगला असला तरी. संस्थांच्या चालकांनी पुढच्या एएमसीच्या करारात तीन अटी घालाव्यात: प्रत्येक पोर्टला वर्णन असेल, प्रत्येक बदलानंतर कॉन्फिगरेशनची प्रत संस्थेकडे जमा होईल, आणि स्विचचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत राहील. यासाठी नवा स्विच घ्यावा लागत नाही.